न धुतलेली साडी

माझ्या सख्ख्या भावाने, सदाने, मला फसवले. साडीत फसवले. त्याच्या मेलेल्या बायकोची म्हणून त्याने मला भलतीच साडी दिली, आणि मी ती तीन महिने बसून त्याच्या मुलीच्या लग्नाच्या गोधडीत शिवली. हे मला तीन वर्षांनी, या वैशाखात कळले. कळले त्या दिवसापासून मी त्याच्या घरचे पाणी घेतलेले नाही.

वैशाख आला की आमच्याकडे सगळे एकदम येते. रतांबे, म्हणजे कोकमाची फळे, पिकतात, फणस फुटतात, लग्ने निघतात, आणि आभाळ काळे व्हायच्या आत सगळे उरकायची घाई सुटते. खळ्यात फोडलेले रतांबे मिठात वाळत घातलेले असतात, त्यांचा आंबट वास घरभर, अंगभर. माझी बोटे या दिवसांत नखांपर्यंत लाल असतात. साबणाने जात नाहीत, चिंचेने जात नाहीत. लग्नाला गेले तरी हात लाल. लोकांना वाटते म्हातारीने मेंदी काढली. वाटू दे.

माझे स्वतःचे लग्न झाले नाही. तीनदा ठरता ठरता मोडले. मी बैठकीत बसून घासाघीस केली म्हणून मोडले, असे वाडीत म्हणतात, आणि ते काही अगदी खोटे नाही. सुक्या बांगड्यांची पाटी डोक्यावर घेऊन मी खारेपाटणच्या बाजारापर्यंत गेलेली बाई आहे. एसटीत पाटीला वास येतो म्हणून कंडक्टर उतरवायचा, मी पुढच्या गाडीत चढायचे. आज मालवणच्या बाजारात माझे दुकान आहे, कोकमाचं आगळ, रतांब्याची वाळवलेली सोलं, तिरफळं, कुळथाचं पीठ. यात कोणाचे एका फुटक्या नारळाचेही उपकार नाहीत. माशाचा कल्ला बघून तो कधी पाण्यातून निघाला ते मी सांगते, आणि काजू मुठीत धरून त्यात खवट किती ते सांगते. मला आजवर कोणी फसवले नव्हते. हे मी बढाई म्हणून लिहीत नाही, राग कशाचा आहे ते कळावे म्हणून लिहिते.

गोधड्या मी आईकडून शिकले. नात्यात, वाडीत, ज्या कुणाचे लग्न होईल त्या जोडप्याला माझ्याकडून एक गोधडी. माझे नियम ठरलेले आहेत. वरचा पदर, म्हणजे वरचा थर, मुलीच्या आईच्या साडीचा, खालचा मुलाच्या आईच्या साडीचा, आत वाडीतल्या बायकांची जुनेरे. नवे कापड घालायचे नाही. नवे कापड पहिल्याच धुण्यात आक्रसते आणि सगळी गोधडी वाळल्या आमसुलासारखी चुरमडते. दुसरा नियम, येईल ते कापड आधी धुवायचे, दगडावर आपटायचे, कडक उन्हात दोन दिवस टाकायचे. मग सुई. जावयाची आई साडी द्यायला कुरकुरते, तिला मी सांगते, फाटकी दे, पण नेसलेली दे. मोलकरणीला द्यायला ठेवलेली नको, तुझ्या अंगावर विरलेली दे. पहिल्यांदा बायका लाजतात. मग ट्रंकेच्या तळातून काढून देतात, आणि देताना हमखास त्या साडीचे काहीतरी सांगतात. ही बारशाला घेतली. ही नेसून मी कोर्टात गेले होते. मी ऐकते आणि टाके घालते.

आता भेटी देतात त्या मला बघवत नाहीत. दुकानात शहरातल्या मुली येतात, मोबाइल पुढे धरतात, मावशी, हाताने केलेलं काही आहे का, लग्नात द्यायला? मी रोवळी दाखवते, करवंटीची पळी, डवला, दाखवते. त्यांना त्यावर दोघांची नावे हवी असतात. आणि तासाभरात हवी असतात, कारण हॉटेलवर परत जायचे असते. सदाच्या मुलीच्या, दीपाच्या लग्नात तिच्या पुण्याच्या मैत्रिणींनी सुतळीला चिमट्यांनी फोटो टांगून आणले होते. एकीने काचेच्या बरणीत शंभर चिठ्ठ्या घातल्या होत्या, प्रत्येकीवर एकमेकांवर प्रेम करण्याचे एक कारण. मी म्हटले, शंभरावी वाचून झाली की काय करायचे? मुली हसल्या. मी हसण्यासाठी विचारले नव्हते. लाकडाच्या चकतीवर यंत्राने नावे जाळून आणतात आणि त्याला हाताने केलेले म्हणतात. हाताने ती फक्त पिशवीत घातलेली असते.

हाताने केलेले म्हणजे काय ते आमच्या पास्कू मेस्त्रीकडून शिकावे. पास्कू माझ्याहून चार वर्षांनी मोठा, खालच्या वाडीत राहतो, चर्चच्या बाकांपासून देवळाच्या पालखीपर्यंत सगळे त्याच्या हातचे. हिंदू असो, ख्रिस्ती असो, वाडीतल्या प्रत्येक जोडप्याला तो दोन पाट देतो. दोन्ही एकाच फणसाच्या फळीतले. शेजारी शेजारी ठेवले की लाकडाची रेघ एका पाटावरून निघून दुसऱ्यावर जाते. नवरा-बायको भांडून पाट लांब मांडतात तेव्हा रेघ तुटते, जवळ मांडले की जुळते. हे तो कोणाला सांगत नाही. ज्याचे त्याला कधीतरी जेवताना दिसते. काहींना वीस वर्षांनी दिसते. सदा आणि त्याची बायको शालन यांचे पाट अजून त्यांच्या स्वयंपाकघरात आहेत. शालन गेल्यावर सदा एकाच पाटावर बसतो, दुसरा भिंतीला टेकून उभा असतो.

शालन म्हणजे दीपाची आई. दीपाच्या लग्नाआधी दोन वर्षे ती गेली. पोटाचे दुखणे, चार महिन्यांत आटोपले. माझे आणि तिचे जमत नव्हते, खोटे कशाला बोलू. ती हळू बोलणारी, मी अशी. पण तिच्यासारखे पाच भाज्यांचे खतखते वाडीत कोणी करत नव्हते, आणि सुरंगीच्या दिवसांत तिच्या ट्रंकेजवळ उभे राहिले तर डोळे मिटायचे. साड्यांच्या घड्यांत ती सुरंगीच्या फुलांचे वळेसर, म्हणजे गजरे, घालून ठेवायची. फुले वाळून काळी पडायची पण वास जायचा नाही. बाजारात गर्दीत माझ्या मागे ती उभी आहे हे मला न बघता कळायचे.

दीपाचे लग्न ठरले तेव्हा माघ होता. मी सदाकडे गेले आणि शालनची साडी मागितली. तिची एकच साडी घरात उरली होती, हे मला माहीत होते. रतांब्याच्या रंगाची, काळ्या काठाची, हातमागाची. त्या साडीवर निऱ्यांपाशी एक भोक होते, चुलीतली ठिणगी उडून पडलेले. ते भोक पडले तेव्हा मी तिथेच बसले होते. सदा म्हणाला, बघतो. आठवडा गेला, दोन गेले. मी निरोपावर निरोप पाठवले. लग्न तुझ्या मुलीचे आहे की माझ्या, असेही विचारले. मग फाल्गुनात एका सकाळी तो स्वतः आला, खाकी पिशवीत साडी घेऊन.  ओट्यावर ठेवली आणि पायरीवर बसून राहिला.

मी पिशवी उघडली आणि सुरंगीचा वास आला.

घडी उलगडली. कापड मऊ, रंग मधूनमधून उतरलेला. निऱ्यांपाशी बोट फिरवले आणि भोक सापडले. तिथे माझे बघणे संपले. पन्नास वर्षे माल पारखणारी मी, त्या भोकात बोट घालून लहान मुलीसारखी रडले. सदा पायरीवर पाठमोरा बसलेला. त्याने वळून पाहिले नाही, मला वाटले त्यालाही रडू येत असेल.

आणि मी ती साडी धुतली नाही. माझा नियम मी मोडला, उभ्या जन्मात एकदा. धुतली असती तर सुरंगी गेली असती. ते भोक मी बारीक टाक्यांनी रफू केले आणि दीपा उजव्या कुशीवर झोपते म्हणून त्या हाताला येईल असे कोपऱ्यात घेतले. देताना तिला बजावले, ही धुवू नको, नुसती उन्हात टाक. दीपाने तोंड खुपसून वास घेतला आणि मांडवात, सगळ्यांसमोर, रुखवताच्या टेबलापाशी जमिनीवर बसली. व्याह्यांकडच्या बायका चिठ्ठ्यांची बरणी सोडून गोधडीभोवती जमल्या. सदा मांडवाच्या खांबाला धरून उभा होता. त्याचा चेहरा मला आठवतो. त्या दिवशी तो मला बापाचा चेहरा वाटला. आता तो आठवला की हातातले भांडे आपटावेसे वाटते.

गेल्या तीन वर्षांत दीपा पुण्याहून फोन करते तेव्हा एक गोष्ट सांगते. झोप येत नाही तेव्हा ती रफूवर बोट ठेवते. टाके मोजते. सत्तावीस आहेत म्हणते. मला माहीत आहे किती आहेत.

यंदा वैशाखाच्या सुरुवातीला तिचा फोन आला. सातवा लागला आहे, मृगाच्या आधी बाळंतपणाला येते आहे. आणि लाडात आली की ती मालवणीत बोलते, तसे म्हणाली, "आते, आईच्या साडयेचो येखादो तुकडो उरलो आसा काय गो? बाळाक दुपट्यात घालूक व्हयो."

तुकडा होता. पदराकडची वीतभर पट्टी मी डब्यात जपून ठेवली होती. पण दुपटे बाळाच्या अंगाला लागणार, तिथे वास जपून चालत नाही, धुवायला हवे. रतांबे फोडून उठले, हात खळखळून धुतले, पितळी घमेल्यात पाणी घेऊन पट्टी बुडवली. पाणी लाल झाले. मी म्हटले, माझेच हात. पाणी ओतले, हात साबणाने घासले, नवे पाणी घेतले. पुन्हा लाल. तिसऱ्यांदा मी हात घातलाच नाही, काठीने पट्टी सोडली आणि बाजूला बसून बघत राहिले. काठीच्या टोकाशी लाल रंग धुरासारखा निघाला आणि घमेलेभर पसरला.

शालन ती साडी दहा वर्षे नेसत होती. दर चार दिवसांनी विहिरीच्या दगडावर आपटत होती. त्या साडीत सोडायला रंग कुठून उरणार? वाळल्यावर पट्टी बोटभर आखूड झाली. नवे कापड.

मी पट्टी स्टीलच्या डब्यात घातली आणि भर दुपारी सदाकडे गेले. तो खळ्यात सोलं उलटवत होता. मास्तरकी सुटल्यापासून तोही दोन पाट्या रतांबे घालतो, माझे बघून. मी डबा त्याच्यासमोर उघडला. त्याने एकदा पट्टीकडे पाहिले, हात टॉवेलला पुसले आणि आत गेला. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात साडी होती. खरी. ती विरून इतकी पातळ झाली होती की घडीतून त्याची बोटे दिसत होती.

मग एकेक निघाले. तशीच साडी शोधायला तो मालवण, कुडाळ, सावंतवाडी फिरला होता. कुडाळात मिळाली. पंधरा दिवस ती चिऱ्याच्या पायऱ्यांवर उन्हात टाकली, दुपारी दुपारी उलटवली. मऊ पडावी म्हणून रात्री तीच अंथरून झोपला. धुतली नाही, कारण धुतली की रंग सुटतो हे त्याने एका भिजल्या कोपऱ्यावर पाहिले होते. सुरंगीचे वळेसर आणून घडीत घातले. आणि ते भोक त्याने उदबत्तीने पाडले. मी ज्यात बोट घालून रडले ते भोक उदबत्तीचे होते. गोल. खरे भोक लांबट आहे, त्याच्या कडा करपलेल्या आहेत. मी ते पडताना पाहिले होते, आणि तरी मला गोल आणि लांबट कळले नाही.

मी जे बोलले ते सगळे इथे लिहिण्यासारखे नाही. तो उन्हात उभा राहून ऐकत होता. माझे संपल्यावर म्हणाला, "माज्याकडे तिचा ह्या येकच रवला, आक्का. बाकी सगळा तू वाटलंस."

वाटले. हो, मी वाटले. तेराव्याला ट्रंक उघडून मी शालनच्या एकोणीस साड्या वाडीतल्या बायकांना वाटल्या. तसे करतात. मेलेल्या माणसाचे कपडे घरात साठवून ठेवायचे नसतात, आणि त्या घरात ते करणारे दुसरे कोण होते? दीपा कोपऱ्यात पडून होती, सदा दारात उभा होता.  ट्रंक रिकामी होईपर्यंत दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला. शेवटची साडी वाळत होती म्हणून राहिली. मला तेव्हा वाटले, माझ्या हातून काम नीट झाले. नको म्हणाला असता तर मी थांबले असते. थांबले असते का, हे आता कोणी मला विचारू नये.

मी म्हटले, माघात मी साडी मागितली तेव्हा सांगायचे होतेस. देत नाही म्हणायचे होते.

"सांगून तू आयकतलंस?" तो म्हणाला.

यावर मी जे केले ते मला येते तेच केले. भाव सुरू केला. म्हटले, ठीक, आता अर्धी दे. बाळाचे दुपटे होऊ दे, गोधडीचा वरचा पदर मी उसवून पुन्हा घालते, कोणाला कळणार नाही. तो म्हणाला, वीतभर. मी म्हटले, वीतभरात पोराचे डोकेही झाकत नाही, निदान पदर दे. पदर नको, म्हणाला, निऱ्यांकडचे दोन हात घे. मी म्हटले, दोन हात आणि भोकाची बाजू. तिथे त्याने साडी छातीशी घेतली. सत्तरीला आलेला माणूस, खळ्यात, रतांब्यांच्या मध्ये, बायकोची साडी दोन्ही हातांनी धरून उभा. म्हणाला, "ह्येचो भाव करू नको, आक्का."

बाजारात समोरचा असे म्हणाला की मी उठते आणि चार पावले चालते. तो परत हाक मारतो, नेहमी. मी डबा उचलला आणि चार पावले गेले. बेड्यापर्यंत, त्याच्या फाटकापर्यंत गेले. हाक आली नाही.

पास्कूला सांगितले. तो रंधा थांबवून म्हणाला, सदान तुका फसवल्यान? बाजारात सांगू नको, उद्यापासून सगळे तुज्याकडे भाव करूक लागतले. मी त्याच्यावरही ओरडले. मग त्याने विचारले, पोरीला काय सांगणार आहेस?  फळीवर रंधा फिरवत तो स्वतःशीच म्हणाला की लाकूड खोटे निघाले तर पाट पुन्हा करता येतो. त्याला बरे.

लोक म्हणतील, एवढे काय त्यात. टाके खरे आहेत, तीन महिने खरे आहेत, पोरीची झोप खरी आहे. मी हे स्वतःला सांगून पाहिले आहे, सोलं उलटवताना, रोज. पटत नाही. माझी गोधडी म्हणजे नुसते उबेचे कापड नव्हे, मी दिलेला शब्द आहे, की वरचे कापड तुझ्या आईचे आहे. तो शब्द माझ्या तोंडून गेला आणि खोटा गेला. त्या मुलीने तीन वर्षे कुडाळच्या दुकानातल्या कापडात आई हुंगली. आणि ते हुंगायला तिला मी शिकवले.

परवा पुन्हा फोन आला. बाळ येणार म्हणून ती गोधडी आता धुवायची म्हणते, पुण्यात, मशिनमध्ये.  धुतली तर रंग सुटेल, तिच्या सासूची मोतिया साडी खालच्या पदराला लाल होईल, वरचा पदर आक्रसून सत्तावीस टाके चुरमडतील, आणि ती तिथे एकटी, पोट घेऊन, त्या मशिनसमोर उभी असेल. मी म्हटले, तिथे हात लावू नको, इकडे घेऊन ये, माझ्या विहिरीवर मी धुते. बरे आते, म्हणाली. येत्या बुधवारी येते आहे. सामानात गोधडी आहे.

आज आकाश पश्चिमेकडून काळवंडले आहे. सोलं अर्धी ओली आहेत. मी हे लिहून पास्कूच्या हाती सदाकडे धाडणार आहे, कारण मी त्याच्या पायरीवर चढणार नाही.

सदा, बुधवारी सकाळी दहाला मी दीपाला विहिरीवर घेऊन जाईन. गोधडी मी धुणार आहे, नियमाप्रमाणे, जशी तीन वर्षांपूर्वी धुवायला हवी होती. पाणी लाल होईल. ती माझ्या हातांकडे बघेल, रतांब्यांचे दिवस आहेत, तिला पहिल्यांदा तेच वाटेल. मी हात बाजूला घेईन. मग ती विचारेल, आते, ह्या काय? मी वाटलेल्या शालनच्या एकोणीस साड्यांचे उत्तर माझ्याकडे आहे, ते मी तुला तिच्यासमोर देईन, मागे हटणार नाही. पण त्या पाण्याचे उत्तर माझ्याकडे नाही. साडी घेऊन ये. कापून नको, अख्खी आण. दारात उभा राहू नकोस, दगडापर्यंत ये, आणि तिच्याकडे बघून, तुझ्या तोंडाने, सांग.